टाच, पास आणि साबोनिस

गेल्या अंकात एका पालकांनी विचारलं होतं की उंच पोरांना आपल्याकडं फक्त बास्केटखाली का उभं करतात. उत्तर देताना मी लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिस या बास्केटबॉलपटूचं नाव एका ओळीत घेतलं आणि पुढं गेलो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी क्रिकेटवाल्यांनी माफ करावं. त्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो.

सर, तुम्ही साबोनिसला जगातल्या सगळ्यात चांगल्या सेंटरमध्ये (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) धरता. मी मोबाइलवर त्याचे आकडे बघितले. एनबीएत (अमेरिकेची व्यावसायिक लीग) सरासरी १२ गुण आणि ७ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं). यात काय विशेष? आमच्या टीममधली पोरं माझ्यावर हसायलीत. (महाविद्यालयीन विद्यार्थी, उदगीर)

हसणाऱ्यांना आधी हे विचारा, की एनबीएत पहिला सामना खेळताना त्याचं वय किती होतं? तीस वर्षं पूर्ण होऊन एकतिसावं संपत आलेलं. आणि दोन्ही पायांची अवस्था अशी की त्याच्या एनबीए संघाच्या, पोर्टलंडच्या, डॉक्टरांनी नुसता एक्स-रे पाहून म्हटलं होतं म्हणे, एवढ्यावर या माणसाला अपंगांसाठी राखीव असलेली पार्किंगची जागा मिळेल. तुम्ही बघितलेले आकडे त्या पायांचे आहेत. उतारवयातला बैल बघून त्यानं तरुणपणी किती एकर नांगरलं याचा हिशेब मांडायचा, तसा हा प्रकार झाला.

आता तरुणपणाचं ऐका. जन्म १९ डिसेंबर १९६४, गाव काउनास. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, म्हणजे खेळायचं ते सोव्हिएत जर्सी घालून. १९८२ मध्ये कोलंबियात सोव्हिएत संघ जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात अमेरिकेवर ९५–९४, एका गुणानं विजय. त्या संघात साबोनिस सतरा वर्षांचा होता. आपल्याकडं त्या वयाची पोरं १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेसाठी जन्मदाखल्याच्या झेरॉक्स काढत फिरत असतात. १९८४ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकवर सोव्हिएत संघानं बहिष्कार टाकला, तिथं ती संधी गेली. १९८५ ला युरोपचं अजिंक्यपद आणि त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. आणि गावच्या झाल्गिरिस क्लबकडून १९८५, १९८६, १९८७ अशी सलग तीन सोव्हिएत विजेतेपदं, तीही मॉस्कोच्या सीएसकेएला मागं टाकून. सीएसकेए म्हणजे लष्कराचा क्लब. त्यांना हरवायचं म्हणजे काय, हे पुढं परभणीच्या ताईंच्या प्रश्नात येईलच.

१९८६ च्या जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघा, जुनी चित्रफीत मिळते. माद्रिद, समोर युगोस्लाव्हिया, शेवटचं मिनिटही पूर्ण उरलेलं नाही आणि सोव्हिएत संघ ९ गुणांनी मागं. लोक उठून चालायला लागतात असा सामना. तिथं साबोनिसनं तीन गुणांचा एक टाकला, बोर्डावर आपटून आत गेला. मग तिखोनेंकोनं दुसरा. चेंडू युगोस्लाव्हियाकडं, नुसता धरून उभं राहिलं तरी सामना त्यांचा; तर अठरा वर्षांच्या व्लादे दिवाचनं ड्रिबलची, म्हणजे चेंडू टप्पे देत नेण्याची, चूक केली. मग वाल्तर्सनं तिसरा. बरोबरी, जादा वेळ, ९१–९०. अंतिम सामना मात्र अमेरिकेनं ८७–८५ असा घेतला. सात फूट तीन इंचाचा सेंटर तीनच्या रेषेबाहेरून टाकतोय, हे १९८६ साली कुणाच्या पुस्तकात नव्हतं. आज एनबीएतला प्रत्येक दुसरा सेंटर ते करतो.

सगळं गोडच होतं असंही नाही. त्याच वर्षी बुडापेस्टला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात झाल्गिरिससमोर द्राझेन पेत्रोविचचा झाग्रेबचा सिबोना संघ होता. साबोनिसचं डोकं फिरलं, त्यानं सिबोनाच्या नाकिचला ठोसा लगावला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. सामना ९४–८२ असा गेला. एवढा मोठा खेळाडू, एवढी मोठी संधी, आणि बाकावर बसून बघायची वेळ. रागीट पोरांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो.

अमेरिकेनं त्याला ओळखलं नव्हतं असंही समजू नका. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्यात १९८५ ला अटलांटा हॉक्सनं त्याला निवडलं, पण वय एकवीसच्या आत म्हणून ती निवड रद्द झाली. १९८६ ला पोर्टलंडनं पहिल्या फेरीत चोविसाव्या क्रमांकावर घेतलं. निवडलं १९८६ ला, खेळायला मिळाला १९९५ ला. मधली नऊ वर्षं हेच तुमच्या मित्रांच्या हसण्याला उत्तर. आधी सोव्हिएत सरकारनं सोडलं नाही. १९८९ ला सोडलं तेव्हा पायांचा भरवसा नव्हता, म्हणून तो स्पेनमध्ये वायादोलिदला गेला, तिथून १९९२ ला रेआल माद्रिदला. दोन स्पॅनिश विजेतेपदं आणि १९९५ ला सारागोसात ऑलिंपियाकोसला ७३–६१ हरवून युरोपचं विजेतेपद. प्रशिक्षक ओब्राडोविच. अंतिम चार संघांच्या त्या स्पर्धेत सर्वोत्तम साबोनिसच.

मग पोर्टलंड. पहिल्याच हंगामात १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड, नवोदितांच्या पहिल्या संघात निवड. ‘नवोदित’ हा शब्द एकतिशीच्या माणसाला! १९९७–९८ ला सरासरी १६ गुण आणि १० रिबाउंड. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. २००३ ला तो काउनासला परतला आणि २००३–०४ च्या युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, साखळी फेरीतही सर्वोत्तम ठरला आणि सोळा संघांच्या फेरीतही. वय ३९. आता मित्रांना म्हणा, हसा.

आदरणीय सर, आमच्या शाळेत अकरावीचा एक मुलगा आहे, सहा फूट चार इंच. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, उंच उडी सगळ्यात तोच. सध्या टाचेच्या वर दुखतंय म्हणतो. तुम्ही लिहिलेल्या साबोनिसलाही टाचेचाच त्रास होता, तरी तो खेळलाच ना? विभागीय स्पर्धा तोंडावर आहे. पट्टी बांधून खेळवावं का? (क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई)

नका खेळवू.

सर, तुम्ही आणि मी एकाच धंद्यातले आहोत म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ‘तरी तो खेळलाच ना’ हे तुमचं वाक्य मला खटकलं, कारण साबोनिसची गोष्ट नेमकी उलटी आहे.

त्या पोराला वयाच्या सतराव्या वर्षापासून विश्रांती नव्हती. क्लबची लीग, युरोपातले सामने, राष्ट्रीय संघ, उन्हाळ्यात जागतिक नाहीतर युरोपीय स्पर्धा, मधे परदेश दौरे. त्याला बाहेर बसवायची कुणाची तयारी नव्हती, कारण तो असला की जिंकायची खात्री. सव्वादोन मीटरच्या आसपासचा देह, सव्वाशे किलोच्या घरात वजन, आणि ते सगळं पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या एका दोरीवर. अकिलीस टेंडन म्हणतात ती. बाविशी ओलांडायच्या सुमारास ती फाटली. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा तुटली. १९८८ ला सोव्हिएत सरकारनं त्याला उपचारासाठी पोर्टलंडला पाठवलं. बघा गंमत, खेळायला पाठवलं नाही, दुरुस्तीला पाठवलं. आणि तो पुरता बरा होण्याआधीच सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये उतरला.

सेऊलला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. उपांत्य फेरीत अमेरिका ८२–७६ हरली. समोर डेव्हिड रॉबिन्सन होता, तेव्हाचा अमेरिकेतला सगळ्यात चपळ उंच पोरगा. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हिया ७६–६३. सुवर्ण. अमेरिकेला तो पराभव एवढा झोंबला की त्यांचा पुढचा ऑलिंपिक संघ एनबीएच्या ताऱ्यांचा होता. साबोनिसच्या गळ्यात पदक पडलं, पण त्याची ती जुनी उडी परत कधी आली नाही. पुढचा साबोनिस आपण बघितला तो उडी न मारता खेळणारा साबोनिस. ते त्याला जमलं कारण त्याच्याकडं पास होता, नजर होती. तुमच्या पोराकडं सध्या उडीच आहे. ती गेली तर काय उरतं?

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचं मला कळतं. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचंही कळतं. विभागातून राज्याला गेला तर प्रमाणपत्र वर सरकतं, घरचे त्यासाठी आस लावून बसलेले असतात, मुख्याध्यापकांना फ्लेक्स लावायचा असतो. पण सोळाव्या वर्षी टेंडनला इजा करून घेतलेला मुलगा पुढं पोलीस भरतीची धावसुद्धा काढू शकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता कामाचं. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. औषधाच्या दुकानातली गोळी आणि दुखऱ्या जागेवर स्प्रे, हा उपचार नाही. दुखणं झाकलं जातं आणि पोरगं आणखी जोरात उडी मारतं. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना दुखतं का, पोटरी ताठ होते का, ते त्याला विचारून ठेवा, डॉक्टर हेच विचारतील. तोवर उड्या बंद. व्हॉलीबॉल आणि उंच उडी या वर्षापुरती तरी सोडून द्या, एका पायानं तीन खेळांचा भार वाहायचा नाही. तुमच्याकडं कोर्ट सिमेंटचं असणार, बहुतेकांकडं तेच आहे. त्यावर झिजलेल्या तळव्याचे बूट घालून सराव म्हणजे प्रत्येक उडीचा हादरा सरळ टाचेत. आणि पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीवाल्या पोरांबरोबर पळत असेल तर तेही थांबवा. डॉक्टरांनी हो म्हटलं की मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम करतात, पण तो त्यांनीच दाखवावा, माझ्या पत्रावरून सुरू करू नका.

या काळात त्याला खुर्चीवर बसवून पास करायला लावा. थट्टा नाही करत. दोन आठवडे फक्त हात आणि डोळे. खाली बीडच्या मुलीला लिहिलंय ते त्यालाही लागू आहे.

लिथुआनिया नेमकं कुठं आलं हो? माझा मुलगा दिवसभर हेच नाव घ्यायलाय. एवढ्याशा देशात एवढे खेळाडू कसे? (गृहिणी, परभणी)

ताई, युरोपच्या वरच्या अंगाला, बाल्टिक समुद्राच्या काठावर. एका बाजूला पोलंड, एकीकडं लात्व्हिया, एकीकडं बेलारूस. क्षेत्रफळ सुमारे ६५,३०० चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा ६४ हजारांच्या वर आहे, म्हणजे आठही जिल्हे मिळून जवळपास तेवढाच. पण माणसं मोजली तर तीस लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्यात याहून जास्त लोक होते. आपल्या मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या वर माणूस आहे आणि ऑलिंपिकच्या बास्केटबॉलचं आपण नावही काढत नाही. असो, तो विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो.

तिथं हा खेळ रुजला तो १९३० च्या दशकात. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, लिथुआनियन आईबापांचा फ्रँक लुबिन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्ण जिंकला आणि मग आईबापांच्या देशात जाऊन त्यानं खेळ शिकवला. १९३७ ला रीगात लिथुआनिया युरोपचा विजेता. १९३९ ची स्पर्धा काउनासमध्ये, तिच्यासाठी खास बास्केटबॉलचं सभागृह बांधलं आणि तीही जिंकली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत फौजा आल्या आणि देश नकाशावरून गेला. पण खेळ गेला नाही. म्हणून झाल्गिरिसनं लष्कराच्या क्लबला हरवलं की काउनासच्या रस्त्यावर जो आनंद व्हायचा तो फक्त खेळाचा नसायचा. तुम्हाला १७ सप्टेंबर, आपला मुक्तिदिन, माहीत आहे, जास्त सांगायला नको.

सेऊलला सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचा कणाच लिथुआनियन होता: साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस, खोमिचियुस. वाजलं मात्र सोव्हिएत राष्ट्रगीत.

१९९२ च्या ऑलिंपिकमध्ये लिथुआनियानं रंगीबेरंगी टी-शर्ट घालून पदक घेतलं, त्यावर सांगाडा होता, असं वाचलं. खरं आहे का? (वाचक, हिंगोली)

अगदी खरं. मार्च १९९० मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, जानेवारी १९९१ ला व्हिल्नियसमध्ये सोव्हिएत रणगाडे लोकांवर घातले गेले, आणि बार्सिलोनाला संघ पाठवायला नव्या देशाकडं पैसे नव्हते. मार्चुलिओनिस तेव्हा कॅलिफोर्नियात गोल्डन स्टेटकडून खेळायचा. त्यानं देणग्या गोळा करायला सुरुवात केली. तिथल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या कानावर हे गेलं, त्यांनी मदत केली आणि टी-शर्टही आले: पिवळा, हिरवा, तांबडा, त्यांच्या झेंड्याचे रंग सांडल्यासारखे, आणि मधोमध चेंडू बास्केटमध्ये आदळणारा सांगाडा.

उपांत्य फेरीत जॉर्डन, मॅजिक, बर्ड यांच्या अमेरिकेनं १२७–७६ असं झोडपलं. त्याचं कुणाला दुःख नव्हतं. खरा सामना कांस्यपदकाचा, कारण समोर जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ. चार वर्षांपूर्वीचे सोबती आता समोरच्या बाजूला. ८२–७८. साबोनिसचे २७ गुण आणि १६ रिबाउंड, तेही त्या टाचांवर. पदक घ्यायला पोरं तेच टी-शर्ट घालून चढली. चार वर्षांनी अटलांटात पुन्हा कांस्य, ऑस्ट्रेलियाला हरवून. मला विचाराल तर सेऊलच्या सुवर्णापेक्षा मी बार्सिलोनाचं कांस्य वर ठेवीन, पण मी काही लिथुआनियन नाही.

सर मी नववीत आहे, उंची पाच फूट सात. आमच्या टीममध्ये मीच उंच म्हणून मॅडम मला सेंटरला उभं करतात. पण चेंडू हातात आला की तिघी-चौघी घेरतात आणि हिसकून घेतात. साबोनिससारखा पास कसा द्यायचा? (विद्यार्थिनी, बीड)

शाब्बास पोरी, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

पहिली गोष्ट जागा. बास्केटच्या अगदी खाली उभी राहशील तर गर्दी होणारच, शिवाय रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही. तू वर ये, फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यावर. त्याला हाय पोस्ट म्हणतात. साबोनिसची आवडती जागा हीच. तिथून आख्खं कोर्ट दिसतं आणि तुला अडवणारी उंच मुलगी आपोआप बास्केटपासून लांब ओढली जाते.

दुसरी गोष्ट, चेंडू खाली आणायचा नाही. तू घेतल्या घेतल्या कमरेपाशी नेत असणार, म्हणून बुटक्या पोरी हिसकतात. हनुवटीखाली धर, दोन्ही कोपरं बाहेर. किंवा डोक्याच्या वर. आणि लगेच ड्रिबल करू नकोस. उंच पोरीनं गर्दीत टाकलेला ड्रिबल म्हणजे समोरच्या गार्डला आयतं दिलेलं बक्षीस.

तिसरी गोष्ट नजर. साबोनिस पास देताना त्या खेळाडूकडं बघत नसे. चेंडू खांद्यावरून, पाठीमागून, कधी एका हातानं निघायचा. तू ते सध्या करू नकोस, मॅडम रागावतील आणि त्यांचं बरोबर असेल. तू एवढंच कर: चेंडू मिळाल्यावर एक पाय रोवून ठेव, दुसऱ्यानं वळ, आणि तुझ्या मैत्रिणीला अडवणाऱ्या मुलीचं डोकं बघ. तिनं तुझ्याकडं बघायला मान वळवली की तुझी मैत्रीण तिच्या पाठीमागून बास्केटकडं पळाली पाहिजे. चेंडू तिच्या पुढच्या हातात जमिनीवर एक टप्पा देऊन सोड. पाठीमागं टाकलास तर तिला थांबावं लागेल आणि सगळं मुसळ केरात.

दोघींनी ठरवून हे रोज करायचं. भिंतीवर खडूनं चौकोन काढ आणि एका हातानं त्यात पास मार, डाव्या हातानं जास्त. चेंडू नसेल तेव्हा सामना बघताना चेंडूकडं न बघता बाकीच्या चौघी कुठं पळतायत ते बघ. एवढ्यानं सेंटर होत नाही, पण हिसकून घेणं थांबेल.

साबोनिसची उंची नक्की किती? उंची वाढवायची पावडर घ्यावी का? (वाचक, औंढा नागनाथ)

२२१ सेंटीमीटर, म्हणजे सात फूट तीन इंच. पावडर घेऊ नये. लोंबकळूनही वाढत नाही. झोप, दूध, अंडी, शेंगदाणे, आणि आईबापांची उंची.

एवढं सगळं असून त्याला एनबीएचं विजेतेपद का नाही मिळालं? आणि बाप मोठा की मुलगा डोमंतास? (वाचक, लातूर)

जवळ येऊन गेलं. जून २००० मध्ये लेकर्सविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना. पोर्टलंड चौथ्या सत्रात १५ गुणांनी पुढं होतं. पिपेन, रशीद वॉलेस, स्टीव्ह स्मिथ, साबोनिस असा भरलेला संघ. आणि मग गुण होणंच बंद झालं. चेंडू रिंगला लागायचा आणि बाहेर यायचा. ८९–८४ असा गेला सामना. लेकर्सच्या शकील ओ’नीलला मालिकाभर अंगावर घ्यायचं काम पस्तिशीच्या साबोनिसकडं होतं, ते सोपं नव्हतं.

डोमंतासचं म्हणाल तर पोरगा जन्मलाच पोर्टलंडला, मे १९९६ मध्ये, बापाचा पहिला हंगाम संपता संपता. २०१६ ला अकराव्या क्रमांकावर निवड, ओक्लाहोमा, इंडियाना, मग सॅक्रामेंटो. तीनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक ताऱ्यांत आला, बाप एकदाही नव्हता. २०२२–२३ पासून सलग तीन हंगाम रिबाउंडच्या सरासरीत लीगमध्ये पहिला. हाय पोस्टवरून पास देतो ते बघून कुणाचा मुलगा ते सांगावं लागत नाही. एनबीएपुरतं बोलायचं तर आकडे मुलाचे मोठे आहेत, वाद नाही.

पण पायांसकट १९८६ चा बाप समोर उभा केला, तर मी बापाला घेईन. लातूरकरांनी मतभेद असल्यास पत्र पाठवावं, फक्त आकड्यांबरोबर वयही लिहावं.